उंबरठ्याआधी रस्ता बुडतो

प्रति,
कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या काठावरील ग्रामपंचायतींचे सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि गावोगावच्या तरुण मंडळांचे कार्यकर्ते यांस

विषय : १ मेच्या ग्रामसभेत महापुराचा विषय घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमची शाळा गावच्या उंच अंगाला आहे, त्यामुळे महापूर आला की आसपासच्या गावांतली माणसं बाडबिस्तरा घेऊन आमच्या वर्गांत राहायला येतात. कोण कधी निघालं, कसं पोचलं, काय घेऊन आलं आणि काय विसरून आलं, हे निवारा केंद्राची नोंदवही लिहिणाऱ्या शिक्षकाला फार जवळून दिसतं. त्यावरूनच हे पत्र लिहिते आहे, आणि मागणी एकच आहे. प्रत्येक गावानं आपल्या बाहेर पडायच्या रस्त्यावरची सगळ्यात सखल जागा शोधावी. जवळच्या मोजपट्टीवर किती फूट पाणी असताना ती बुडते तो आकडा काढावा. गाव कधी सोडायचं ते त्या आकड्यावरून ठरवावं.

आकड्यांची आपल्याकडं कमी नाही. पावसाळा लागला की चहाआधी मोबाईलवर बंधाऱ्याची पातळी बघायची सवय शाळकरी पोरांनाही लागली आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका. सांगलीत आयर्विन पुलाशी ४० आणि ४५. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, वारणेची ३४. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की नदीत १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, येतं हे माझ्या चौथीच्या वर्गाला पाठ आहे, आणि आज कितवा दरवाजा उघडणार यावर पारावर पैजा लागतात. पण त्याच पारावर बसलेल्यांना विचारा, की आपल्या गावाबाहेरच्या ओढ्यावरची मोरी किती फुटांना पाण्याखाली जाते? सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात.

ही मोरीच खरी. आपल्याकडचा पूर कसा चढतो ते तुम्हाला मी सांगायला नको, पण बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांना ते दरवेळी नव्यानं सांगावं लागतं म्हणून लिहिते. कृष्णा भरून चालली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो. ओढे उलटे वाहायला लागतात. वर ऊन पडलेलं असतं, गावात थेंब नसतो, आणि ओढ्यातून पाणी शिवारात शिरत असतं. ते आधी पाणंद गिळतं, मग मोरी, मग उसातून फिरून डांबरी रस्त्याचा खोलगट तुकडा. या वेळेला गावात सगळं कोरडं असतं. चुली पेटलेल्या असतात, दूध डेअरीला गेलेलं असतं, लोक पुलावर पाणी बघायला जाऊन आलेले असतात. उंबरठा अजून पाच-सहा फूट वर आहे म्हणून माणूस निवांत असतो. गावाचं बेट झालंय हे कळतं ते दुसऱ्या दिवशी एसटी येत नाही तेव्हा. त्यानंतर बाहेर पडायचं तर बोट लागते, आणि सगळा धोका तिथून पुढं आहे.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. २००५ च्या महापुराची खूण गावोगाव भिंतींवर होती. 'पाच सालचं पाणी आमच्या पायरीला लागलं नव्हतं, आत्ता काय लागतंय', हे वाक्य मी त्या आठवड्यात किती जणांच्या तोंडून ऐकलं त्याचा हिशेब नाही. २००५ मध्ये आयर्विनला पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं. २०१९ मध्ये ते साडेसत्तावनच्या घरात गेलं. वरचे हे तीन-साडेतीन फूट म्हणजे कितीतरी घरांचा तळमजला. ज्यांनी जुन्या खुणेवर विश्वास ठेवला ते माळ्यावर, मग पत्र्यावर गेले. पुन्हा २०२१ च्या जुलैत राजाराम बंधाऱ्यावर २०१९ पेक्षाही थोडं जास्त, ५६ फुटांच्या वर पाणी गेलं. म्हणजे आता २०१९ चीही खूण शेवटची नाही. भिंतीवरची खूण पाणी एकदा कुठवर आलं होतं एवढंच सांगते. पुढच्या खेपेला ते तिथंच थांबेल असा करार नदीनं कुणाशी केलेला नाही.

ब्रह्मनाळची आठवण काढताना हात जड होतो. ८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातलं, कृष्णा-येरळेच्या काठचं गाव. चहूबाजूंनी पाणी, बोट एक, बाहेर पडणारी माणसं जास्त. बोट उलटली आणि सतरा माणसं गेली. त्यांत बायका आणि लहान लेकरं होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण ज्या बाईच्या काखेत पोर आहे आणि मागं घरात पाणी चढतंय, तिला बोटीतून उतर म्हणून कोण सांगणार? बोटीत किती बसायचं हा प्रश्न त्या क्षणी सुटत नसतो. बोटीवर अवलंबून राहायची वेळ किती जणांवर यावी, हा प्रश्न मात्र तीन-चार दिवस आधी सुटू शकतो, तेव्हा रस्ता कोरडा असतो आणि ट्रॅक्टर चालतो. ट्रॅक्टरवरही भिस्त मोरी बुडेपर्यंतच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याच शिरोळ तालुक्यात अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यात ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून माणसं वाहून गेली. रस्ता ओळखीचा होता, चालवणारे रोजचे होते.

तर आकडा काढायचा कसा. यासाठी इंजिनिअर लागत नाही. गावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये २०१९, २०२१ आणि २०२४ चे फोटो आहेत. 'मोरीवर पाणी आलं' म्हणून ग्रुपवर टाकलेला फोटो शोधा. त्याला तारीख आणि वेळ आहे. त्या दिवशी त्या वेळेला तुमच्या जवळच्या मोजपट्टीवर, म्हणजे राजारामला, आयर्विनला, नाहीतर नृसिंहवाडी किंवा राजापूरला, पाणी किती होतं ते जिल्हा प्रशासनाच्या रोजच्या पूरपत्रकात आहे आणि तेही कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्ये पडलेलं आहे. दोन्ही शेजारी ठेवा, की मोरीचा फूट हातात आला. एक पथ्य मात्र पाळा. प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळा असतो, तेव्हा राजारामचे फूट आणि आयर्विनचे फूट एकमेकांत मिसळू नका. गावानं एकच मोजपट्टी धरावी आणि कायम तीच बघावी.

घराचा फूट काढणं तर आणखी सोपं. भिंतीवर पुराचा डाग आहे तिथून उंबरठ्यापर्यंत टेप लावा. समजा २०१९ चा डाग उंबरठ्याच्या साडेचार फूट वर आहे आणि तेव्हा आयर्विनला साडेसत्तावन फूट होते, तर तुमचा उंबरठा साधारण ५३ फुटांचा. ज्या घरावर डाग नाही तिथं शेजारच्या घराची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं आणता येते. दर पुराला कुठली नदी जास्त भरलीय त्यावर हे गणित फूट-दीड फूट मागंपुढं होतं. म्हणून दोन-तीन पुरांतला सगळ्यात कमी आकडा धरा आणि त्यातून आणखी दोन फूट वजा करा. मोरीचा आकडा चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत, घराचा आकडा दाराच्या चौकटीवर. रंगाचा एक डबा पुरतो. वित्त आयोगाच्या निधीच्या हिशेबाची चर्चा लागणार नाही एवढाच खर्च आहे.

हे झालं की बाकीचे निर्णय त्या आकड्याला बांधता येतात. सगळं गाव एकदम हलवायची गरज नसते. आशाताईंकडं गावातल्या गरोदर बायकांची यादी असतेच. ज्यांचे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरतात त्यांनी मोरी बुडायच्या चार-पाच फूट आधीच तालुक्याच्या ठिकाणी नाहीतर माहेरी जावं. डायलिसिसवाले, अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे म्हातारे यांचंही तसंच. मग जनावरं. मग घरटी कर्ती दोन माणसं सोडून बाकीचे. आणि मोरीला दोन फूट उरले की तेही.

आपल्याला नदी वेळ देते, हे विसरू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणकरांना वाशिष्ठीनं एका रात्रीत गाठलं. आपली नदी इंचाइंचानं चढते, वाजतगाजत येते, दिवसातून चार वेळा मोबाईलवर येते. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही महापूर म्हाताऱ्या पावसात नाहीतर आश्लेषात आले. म्हणजे साधारण २० जुलै ते ऑगस्टचा मध्य. इतकं वेळापत्रक देणारं संकट आणखी कुठलं आहे? तरी आपण दरवेळी बोटीची वाट बघत पत्र्यावर असतो. पुण्याजवळच्या सुदुंबरेहून एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, तुकडी येते, फार मोलाचं काम करते. पण ती ज्या महामार्गानं येणार तोच शिरोलीजवळ पाण्याखाली जातो, हे आपण दोनदा पाहिलं आहे.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय, असं तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता मनात म्हणालंच असेल. धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायला विरोध आहे, माझाही आहे, मोर्चाला मीही गेले आहे. महापुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीच्या अहवालावर बोलायचं ते जाणत्यांनी बोलावं. पुलांचे भराव आणि निळ्या पूररेषेच्या आत उठलेली बांधकामं यांवर तर वेगळं पत्र लिहावं लागेल. पण हे निर्णय मुंबई, बंगळुरू आणि दिल्लीत व्हायचे आहेत. आपल्या मोरीवर पांढरी खूण करायला यांतल्या कुठल्याच शहराची परवानगी लागत नाही.

माणसं लवकर का निघत नाहीत याबद्दल अधिकारी 'लोक ऐकत नाहीत' असं म्हणतात. नोंदवही लिहिताना मला कळलेलं कारण निराळं आहे : गोठा. एका आजोबांना न्यायला मंडळाची पोरं तीनदा गेली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "म्हशी कुठं बांधायच्या त्ये आधी सांगा. मग माझं बघू." त्यांचं काय चुकलं? दोन म्हशी म्हणजे त्या घराची महिन्याची मिळकत. जनावरांची छावणी कुठं, वैरण कोण देणार, धारा काढून दूध घालायचं कुठं, हे पाणी आल्यावर ठरतं. मग एक कारखाना आवार देतो, कुणी ट्रकभर ऊस पाठवतो, आणि तोवर मोरी बुडालेली असते. हे मे महिन्यात ठरवा. कारखान्याचं आवार, बाजार समितीचं पटांगण, माळावरच्या गावातली मोकळी जागा, जे मिळेल त्याचं लेखी पत्र घेऊन ठेवा. जनावर आधी हललं तर मालक आपोआप मागं जातो.

आणि अगदीच वेळ मिळाला नाही तर दावी सोडा. दावणीला बांधून ठेवलेली जनावरं २०१९ मध्ये जागच्या जागी मेली. ती पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पाऊस लागला की गोठ्यात आडगाठ मारू नका. एका हिसक्यात सुटेल अशी सरकगाठ मारायची, आणि शक्य झालं तर दावणीजवळ खुंटीला विळा अडकवून ठेवायचा. भिजलेली सुंभाची गाठ अंधारात हातानं सुटत नाही.

दुसरं कारण चोरीची भीती. ती खोटी नाही. रिकाम्या गल्ल्यांत रात्री बोट फिरवणारे सगळेच मदतीला आलेले नसतात. पोलीस पाटलांनी आणि मंडळांनी मिळून गस्तीची पाळी आधीच लावली आणि ती बायकांना सांगितली, तर निम्मी घरं एक दिवस आधी निघतील असा माझा अंदाज आहे.

आता पिशवीबद्दल. 'आपत्कालीन संच' म्हणून जी पत्रकं येतात त्यांत शिट्टीपासून होकायंत्रापर्यंत काय काय असतं. होकायंत्र घेऊन आपल्याकडं कोण कुठं जाणार आहे? आमच्या वर्गात माणसं येतात ती टीव्ही घेऊन, मिक्सर घेऊन. एकानं ठिबकचा नवा कोरा संच आणला होता. विसरून येतात ती गोळ्या आणि चष्मा. छावणीतल्या डॉक्टरसमोर बसून मावशी सांगतात, "पांढरी सकाळी आणि गुलाबी रात्री." पांढऱ्या गोळ्या शंभर तऱ्हेच्या आहेत. बीपीची, साखरेची, थायरॉईडची, फिटची गोळी दोन-तीन दिवस चुकली तर काय होतं ते पुराच्या बातमीत येत नाही. म्हणून जून लागताच घरातल्या प्रत्येक गोळीच्या पाकिटाचा नाव दिसेल असा फोटो काढा, तो घरातल्या दोन मोबाईलमध्ये ठेवा, आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या एका वेगळ्या डब्यात काढून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिज नसताना ते कसं आणि किती दिवस ठेवायचं हे आपल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून घ्यावं.

कागदांचंही थोडं डोकं लावून करायला हवं. २०१९ मध्ये पाणी उतरल्यावर शाळेच्या बाकांवर आम्ही कागद वाळत घातले होते. एकेक सुटा करून, वर पाटी ठेवून. सातबारा पुन्हा मिळतो. आधार, रेशनकार्ड यांचीही नक्कल निघते. हेलपाटे पडतात, पण निघते. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्र, पोरांच्या मूळ गुणपत्रिका, जातपडताळणीचं प्रमाणपत्र, दवाखान्याच्या फायली, बचत गटाचं दप्तर, हे परत मिळवताना माणूस म्हातारा होतो. तेव्हा पिशवीत आधी हे. झाकणाला रबर असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात घाला. लोखंडी ट्रंकेत पाणी शिरतं आणि गंज शाईवर चढतो. फोटो काढून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. त्याच नातेवाइकाला सगळ्या घराचा निरोप्या करा. इथले टॉवर डिझेल संपलं की बंद पडतात आणि नवरा एका छावणीत, बायको दुसऱ्या, अशी वेळ येते. प्रत्येकानं जमेल तेव्हा त्या एकाच नंबरला कळवायचं. तो नंबर लहान पोरांच्या दप्तरात कागदावर लिहिलेला असावा. मोबाईल बंद पडला की कुणालाच कुणाचा नंबर आठवत नाही.

याखेरीज दहा-वीस-पन्नासच्या नोटांत हजार-दोन हजार रुपये, कारण वीज गेली की ना एटीएम चालत ना क्यूआर कोड. बाळाचं दूध आणि वाटी-चमचा. पाळीचे पॅड, हे नोंदवहीत कुणी मागत नाही आणि सगळ्यांना लागतात. बॅटरी, शिट्टी, दोर, एक जाड चादर. पाण्याच्या बाटल्या. पूर म्हणजे सगळीकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही, कारण नळाला पाणी उपसणारी नदीतली जॅकवेल आधी बुडते. प्यायचं पाणी उकळून, नाहीतर आशाताईंकडचं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबूनच प्यावं.

घर बंद करताना मेन स्विच खाली. इन्व्हर्टरची वायर काढून बॅटरी माळ्यावर, कारण महावितरणनं लाईन तोडली तरी इन्व्हर्टरचा करंट घरात फिरत राहतो. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपण लावा आणि तो खिडकीच्या गजाला बांधा. अर्धा रिकामा सिलिंडर तरंगतो. संडासाच्या भांड्यावर वाळूचं पोतं ठेवा. कशासाठी, ते ज्यांनी पाणी उतरल्यावर घर धुतलंय त्यांना विचारा.

महापूर काही वर्षांनी येतो. नदी मात्र रोजची आहे, आणि माणसं एरवीही जातात. त्याबद्दलही ग्रामसभेत बोलायला हवं. आपल्याकडं पहिलं पाणी वाढलं की जीव धोक्यात घालतो तो शेतकरी, मोटार वर ओढायला. रात्री पाणी वाढतंय म्हणून निरोप येतो, माणूस एकटाच बॅटरी घेऊन मळीत उतरतो. निसरडा काठ, ओली केबल, स्टार्टरची पेटी अर्धी पाण्यात. कुणी शॉकनं जातं, कुणी घसरून धारेला लागतं. डीपीवरून पुरवठा बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय मोटारीला हात लावायचा नाही, एकट्यानं उतरायचं नाही, कमरेला दोर बांधून दुसरं टोक झाडाला. पन्नास हजारांची मोटार आहे हे मला मान्य आहे. मोटारी वेळेत वर घेता याव्यात म्हणून विसर्ग वाढायच्या आधी दिवसाउजेडी निरोप मिळावा, एवढं तरी ग्रामपंचायतीनं पाटबंधारे खात्याकडं लेखी मागावं. दवंडीचा स्पीकर आता प्रत्येक गावात आहे.

बंधाऱ्यांचंही तेच. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, ही नावं दर जूनमध्ये 'पाण्याखाली' म्हणून बातमीत येतात. तरी गुडघाभर पाण्यातून मोटारसायकल घालणारा एक तरी असतोच. वाहतं पाणी घोट्यापर्यंत असलं तरी पाय सुटतो. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते. दोन फुटांत जीपही आपली राहत नाही. शिवाय बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी कोसळून परत बंधाऱ्याकडं फिरतं. त्यात पडलेला पट्टीचा पोहणाराही तिथल्या तिथं घुसळत राहतो. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढल्यापासून ते पुन्हा घालेपर्यंत दोन्ही टोकांना साखळी लावा, आणि साखळीला कुलूप. नुसत्या फलकाला कुणी विचारत नाही. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळून चौघे गेले. तिथंही धोक्याचा फलक होता.

पोहण्यावर माझा राग नाही. पाठीला डबा बांधून याच नदीत मीही शिकले, आणि काठच्या गावातल्या प्रत्येक पोराला, विशेषतः पोरींना, पोहता आलंच पाहिजे असं मला वाटतं. पण पुराच्या पाण्यात पुलावरून उड्या टाकून खाली व्हिडिओ काढायचा, ही मर्दुमकी बंद व्हायला हवी. त्या पाण्यात काय वाहतंय ते वरून दिसत नाही. झाडाचे बुंधे, तारेची कुंपणं, पत्रे. भिलवडी-औदुंबरपासून खाली मगरी आहेत. २०१९ मध्ये सीमेपलीकडं रायबाग तालुक्यात एक मगर घराच्या छपरावर येऊन बसली होती. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे पुराचं पाणी दत्त मंदिरातून दक्षिण दारानं बाहेर पडलं, की स्नानाला झुंबड उडते. श्रद्धा माझीही आहे. देवस्थान दोर बांधतं, माणसं उभी करतं, तेवढ्यातच अंघोळ करावी. म्हाताऱ्या आईला घेऊन पुढच्या पायरीवर जायची ईर्ष्या नको.

बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारलेला दुसराही जातो, हे आपण दर उन्हाळ्यात वाचतो. मे २०२४ मध्ये अकोल्याला, नगर जिल्ह्यातल्या, प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना बोट उलटून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे तीन जवान गेले. शिकलेली माणसं. मग आपण हाफ पँटवर उडी मारून काय करणार? प्रत्येक घाटावर एक साधन टांगा : तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, फेकता यावा म्हणून तळाशी थोडंसं पाणी, बूच घट्ट, आणि त्याला पन्नास-साठ फूट नायलॉनचा दोर. बुडणाऱ्याच्या पलीकडं फेकायचा आणि ओढत त्याच्या हाताशी आणायचा. धुणं धुणाऱ्या बायकांना दहा मिनिटांत जमतं. आमच्या घाटावर जमलंय. पोरं कॅन चोरून नेतील म्हणाल, तर नेऊ देत, दुसरा लावू.

बोट असेल त्या गावानं ती मे महिन्यातच पाण्यात घालून बघावी. इंजिन चालू होतं का, जॅकेटं उंदरांनी कुरतडली आहेत का, चालवणारा गावात आहे का नोकरीला पुण्याला गेला. किती माणसं हा आकडा बोटीच्या अंगावर रंगवा आणि तो पाळायची जबाबदारी बोटीत न बसणाऱ्या एका माणसाला द्या. जॅकेट नसेल तर बोट सुटणार नाही, हेही ग्रामसभेतच ठरवून टाका. पाणी आल्यावर ठरावाला कोण विचारतो.

पाणी उतरल्यावरचं थोडक्यात. पांढऱ्या मातीच्या भिंती पुरात उभ्या राहतात आणि ऊन पडल्यावर बसतात. तेव्हा घरात झोपायला जायची घाई नको. आत शिरताना काठी आपटत, दिवसा, बूट घालून. घोणस आणि नाग अडगळीत आलेले असतात. वायरमननं तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, आणि ताप आला तर दवाखान्यात 'पुराच्या पाण्यात होतो' हे आवर्जून सांगावं, म्हणजे लेप्टोचा, दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा, विचार वेळेत होतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, पोलिसांसाठी आणि कुठल्याही मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८, हे तीन आकडे मोरीच्या आकड्याखाली रंगवायला तेवढाच रंग लागेल.

ग्रामसभा १ मेला आहे. त्यानंतरची १५ ऑगस्टला, आणि तोवर पूर येऊन गेलेला असतो. म्हणून विषयपत्रिकेवर हा विषय याच सभेत घ्या. मोरीचा फूट, जनावरांची जागा, आधी हलवायच्या माणसांची यादी, गस्तीची पाळी आणि बोट, एवढ्यावर ठराव करा आणि त्याची प्रत तहसीलदारांना द्या. १ मेला आमचा निकाल वाटून होतो. पन्नास फुटी टेप आणि पाण्याची नळी शाळेत आहे, आणि सातवीची पोरं सुट्टी लागली तरी या कामाला हौसेनं येतील. आसपासच्या ज्या गावांना मोजणीला हात हवे असतील त्यांनी शाळेत निरोप द्यावा.

आपली,
नदीकाठच्या शाळेतली एक शिक्षिका

ता. क. : सभेची नोटीस काढताना वेळ कृपया संध्याकाळची ठेवा. झेंडावंदन झाल्या झाल्या सभा उरकली की बायका स्वयंपाकाला घरी गेलेल्या असतात, आणि पूर आल्यावर घर उचलून बाहेर काढतात त्याच.